श्रीवर्धनची जुनी घरं आणि वाड्या बघायला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे उतरणारी मंडळी येण्याआधी फोनवर जे विचारतात आणि आल्यावर ओटीवर चहा पिताना जे विचारतात, ते सगळं इथे एका जागी केलं आहे. तेच उत्तर पुन्हा पुन्हा टाइप करून अंगठा दुखायला लागला, हे खरं कारण. आधी साधे प्रश्न आहेत, अडचणीचे शेवटी.

१. बघायचं म्हणजे नेमकं काय? मोठे वाडे आहेत का?

नाहीत. पुण्यातल्यासारखे चौसोपी वाडे डोक्यात ठेवून आलात तर हिरमोड होईल. इथलं घर बसकं. रस्त्याला लागून अंगण, अंगणातून दोन-तीन पायऱ्या चढून ओटी, आत माजघर, बाजूला देवघर आणि स्वयंपाकघर, वर काळोखा माळा, मागे पडवी. पडवीतून बाहेर पडलं की विहीर, आणि विहिरीच्या पलीकडे समुद्राच्या दिशेने गेलेला वाडीचा, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेचा लांबट पट्टा.

पाहुणे घराचे फोटो काढतात आणि वाडीच्या तोंडाशी उभं राहून 'छान आहे' म्हणून परत फिरतात. असं करू नका. आमच्याकडे घर आणि वाडी ही एकच वस्तू आहे. घराचे वासे, पाण्याचे पन्हळ, चुलीतलं जळण, देवापुढचा नारळ, पाहुण्याच्या तबकातली सुपारी, सगळं त्या पट्ट्यातून येत आलं आहे. वाडीत नारळ-पोफळी (पोफळ म्हणजे सुपारीचं झाड) तर असतातच, पण नीट पाहिलंत तर माडाच्या बुंध्यावर चढलेली मिरीची वेल, सावलीत जायफळ, कडेला रातांबा (कोकमाचं झाड), मध्ये केळी, पाटाच्या काठाने अळू असं मजल्या-मजल्यांनी लावलेलं दिसेल. हे बघायला तासभर द्यावा लागतो.

२. तिकीट किती? कुठून काढायचं?

तिकीट नाही, खिडकी नाही, गाइडही नाही. ही लोकांची राहती घरं आहेत. जिथे उतराल त्या घरमालकांना आदल्या दिवशी सांगा, ते ओळखीच्या दोन-तीन घरी विचारून ठेवतात. परस्पर गेलात तर फाटकाबाहेरून 'कोणी आहे का घरात?' अशी हाक द्या आणि थांबा. आतून कोणी आलं नाही तर पुढच्या घराकडे चला. दुपारी एक ते चार हाकसुद्धा देऊ नका, त्या वेळी गाव झोपलेलं असतं.

३. कधी यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा बरी असते हे एक, पण खरं कारण सुपारी. या दिवसांत सुपारी उतरवतात आणि अंगणात वाळत घालतात, चांगलं ऊन मिळालं तरी महिना-सव्वा महिना. सारवलेल्या अंगणात केशरी सुपारी पसरलेली असते, तिचा रंग रोज थोडा थोडा उतरत जातो. ती तुडवायची नसते, कडेकडेने जायचं. लहान मुलांना हे आधी सांगून ठेवा.

गणपतीत आणि शिमग्यात घरं बघायला येऊ नका. घरं भरलेली असतात आणि कोणाला बोलायला फुरसत नसते. पावसाळ्याबद्दल प्रश्न १२ पाहा.

४. यायचं कसं?

पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, मग म्हसळा, मग श्रीवर्धन. मुंबईहून महामार्गाने माणगावपर्यंत आणि पुढे तोच रस्ता. रेल्वेने आलात तर माणगाव स्टेशन. अलिबाग-मुरुड करत येणार असाल तर आगरदांड्याहून दिघीला जंगलजेटीत (गाड्या नेणाऱ्या बोटीत) गाडी घालून उतरता येतं, आणि दापोलीकडून वेसवी ते बागमांडला तशीच सोय आहे. शेवटची फेरी कितीची आहे ते निघण्यापूर्वी विचारा. पावसाळी दिवसात तर विचाराच.

५. निसर्ग वादळाला आता इतकी वर्षं झाली. अजून बघण्यासारखं नुकसान काय राहिलंय?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. काही जण तर थोडं निराश होऊनच विचारतात, 'काही दिसत नाही हो!'

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर, मधूनच येणारे झोत १२० चे. आधी वारा जमिनीच्या बाजूने आला, मग दिशा फिरली आणि समुद्राकडून आला. आधीच्या वाऱ्याने जी झाडं मुळाशी सैल झाली होती ती दुसऱ्याने आडवी केली. संध्याकाळी आम्ही पडवीचं दार ढकललं तेव्हा वाडी नव्हतीच, झावळ्यांचा ढीग होता आणि त्याच्या पलीकडे समुद्र दिसत होता. या घरात चार पिढ्या राहिल्या, पडवीतून समुद्र कोणी पाहिला नव्हता. त्यात टाळेबंदी चालू, फोन बंद, आणि आमच्या आळीत वीज यायला महिन्याच्या वर गेला.

घरं वर्ष-दीड वर्षात उभी राहिली. कौलं आली, पत्रे आले, गवंडी मिळाले. वाडीला मात्र पैसे ओतून घाई करता येत नाही. उंच जातीचा माड लावल्यापासून सहा-आठ वर्षांनी धरतो, पोफळ पाच-सहा वर्षांनी, आणि जायफळालाही तितकीच वर्षं लागतात. पूर्ण भरात यायला याच्या दुप्पट. तेव्हा नुकसान बघायचं तर खाली नाही, वर बघा. जुन्या वाडीत उभं राहिलं की आभाळ तुकड्या-तुकड्यांनी दिसायचं, आता अख्खं दिसतं. एक उंच माड, मग मोठं भगदाड, मग पुरुषभर उंचीची रांग, असं दिसलं की समजा ती रांग २०२० किंवा २१ च्या पावसात लावलेली आहे.

६. नारळापेक्षा सुपारीचं नुकसान जास्त झालं असं ऐकलं. का?

पोफळ म्हणजे मनगटापेक्षा थोडी जाड काठी, चाळीस-पन्नास फूट उंच, आणि सगळा भार शेंड्याला. दाट लावलेल्या असल्या की एकमेकींच्या आडोशाने तगतात. नऊ-नऊ फुटांवर लावायची पद्धत आहे ती काही उगाच नाही. पण माड पडताना एकटा पडत नाही, खालच्या पाच-सहा पोफळी घेऊन पडतो. कितीतरी पोफळी वाऱ्याने मोडल्याच नाहीत, माडाखाली सापडून गेल्या.

आणि ज्या वाचल्या त्यांचं पुढे काय झालं हे कोणी विचारत नाही. पोफळीला सावली लागते. वरचं छत्र गेल्यावर दुपारचं पश्चिमेचं ऊन थेट खोडावर आलं. ऊन लागलं की खोड एका बाजूने करपतं, तडकतं, आणि पुढच्या एखाद्या साध्याच वाऱ्याला तिथून मोडतं. वादळात उभी राहिलेली झाडं आम्ही पुढची दोन वर्षं अशी एकेक करून घालवली. त्यातच पडलेली खोडं उचलायला माणसं मिळेनात. कुजक्या खोडात गेंड्या भुंगा वाढतो आणि तो नव्या माडाचा कोंब खातो. सोंड्या भुंग्याला तर जखमी माड आयताच मिळतो. वाडीत एखाद्या माडाच्या पानांना कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले तर ती गेंड्याची करामत.

अजून एक गोष्ट, जी मला स्वतःला सगळ्यात जास्त लागते. सुपारी उतरवणारा गडी पूर्वी एकदा वर चढला की शेंडा वाकवून शेजारच्या पोफळीवर जायचा, तिथून पुढच्या. खाली न उतरता दहा-बारा झाडांची शिंपुटं (सुपारीचे घड) काढायचा. आम्ही लहानपणी मान वर करून बघत असू. आता मध्ये अंतर पडलंय. प्रत्येक झाडासाठी खाली उतरायचं, पुन्हा चढायचं. काम तिप्पट झालं, मजुरीही त्याच मानाने वाढली, आणि हे काम येणारी माणसं आधीच हातावर मोजण्याइतकी होती.

७. भरपाई मिळाली ना?

मिळाली, आणि त्यावरून भरपूर वादही झाले. आधी बागायतीला हेक्टरी पन्नास हजार रुपये ठरले. देशावर हिशेब हेक्टरात चालतो, आमच्याकडे गुंठ्यात. वीस गुंठ्यांच्या वाडीला त्या दराने दहा हजार येतात, आणि त्या वीस गुंठ्यांत एका घराची शंभर वर्षांची पुंजी उभी होती. ओरड झाल्यावर झाडांवर मोजणी आली : माडाला २५० रुपये, पोफळीला ५०. एका माडाचे एका वर्षाचे नारळ किती होतात ते बाजारात विचारून बघा, मग पुढचं मी बोलायला नको.

८. जुन्या घरांपैकी टिकली कोणती? कौलारू की पत्र्याची?

सरसकट उत्तर नाही. आमच्या आळीत काय झालं ते सांगते.

मंगलोरी कौल खिळ्याने ठोकलेलं नसतं. रिपेवर अडकवलेलं असतं, स्वतःच्या वजनाने बसतं. वाऱ्याने कडेची चार कौलं उचलली की वारा आत शिरतो आणि मग पत्त्यांसारखी रांगच्या रांग उडते. आमची अर्ध्याहून जास्त गेली. पण कौलं गेली तरी सांगाडा राहिला, कारण वाऱ्याला जायला वाट मिळाली. शेजारी नवा पत्रा होता, चांगला बोल्टने आवळलेला. तो सुटला तेव्हा एकटा सुटला नाही, लोखंडी सांगाड्यासकट उठला आणि तिसऱ्या घराच्या अंगणात जाऊन बसला. तरीही दुरुस्तीच्या वेळी बहुतेकांनी पत्राच घातला. पावसाळा डोक्यावर होता, कौलं मिळत नव्हती, शाकारणारे त्याहून नाहीत. तेव्हा लांबून निळा-हिरवा पत्रा पाहून 'घर नवं दिसतंय' म्हणून पुढे जाऊ नका. खाली चिऱ्याच्या भिंती आणि आइनाचे खांब दीडशे वर्षांचे असू शकतात.

आमच्या माजघरात उभं राहून आढ्याकडे पाहिलंत तर कौलांचे दोन रंग दिसतील. काळी पडलेली जुनी, लाल ती नवी. तो पट्टा तिरका गेलाय. वारा कुठून आत आला आणि कुठून गेला ते त्यात चक्क वाचता येतं. पावसात एक कौल अजून गळतं, नेमकं जुन्यातलं.

९. पेशव्यांचा वाडा कुठे आहे?

श्रीवर्धन हे भट घराण्याचं गाव. बाळाजी विश्वनाथ इथले, देशमुखी याच घराण्याकडे होती. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचाने ते घाटावर गेले आणि १७१३ मध्ये शाहू महाराजांचे पेशवे झाले. म्हणजे पेशवाईचं वैभव पुढचं, पुण्यातलं. इथे वाडा शोधू नका. मूळ घराच्या जागी स्मारक आहे, बाळाजी विश्वनाथांचा पुतळा आहे. ते पाहून लक्ष्मीनारायणाच्या देवळात जा. गाव १९४८ पर्यंत सिद्दीच्याच, मुरुडच्या जंजिरा संस्थानात होतं, त्यामुळे जुन्या कागदांचा शोध घेणाऱ्यांनी पुण्याइतकंच मुरुडकडेही बघावं.

१०. घरात आणि वाडीत वागायचे काही नियम?

चपला ओटीखाली. देवघरात बोलावल्याशिवाय नाही. माळ्यावर चढायला मागू नका, फळ्या जुन्या आहेत. झोपाळ्यावर बसा, त्याला ना नाही, पण चार जण एकदम नको.

वाडीत मात्र नियम सुरक्षेचे आहेत. माडाखाली उभं राहायचं नाही, खुर्ची टाकून बसायचं तर अजिबातच नाही. नारळ सांगून पडत नाही आणि सुकलेली झावळीही अंगावर आली तर गंमत नसते. विहिरीच्या कठड्यावर टेकू नका. वादळात उन्मळलेल्या मुळांनी काही ठिकाणी कठडे आतून पोकळ झालेत. पडलेल्या खोडावर पाय देऊन पलीकडे उडी मारायची हौस टाळा, खोड आतून कुजलेलं असतं, पाय ढोपरापर्यंत जातो. आणि खाली पडलेला नारळही झाडाच्या मालकाचाच असतो.

११. फोटो? ड्रोन? प्री-वेडिंग शूट?

फोटो विचारून. घरातल्या बायकांचे, वाळत घातलेल्या कपड्यांचे नको. ड्रोन नको : कावळे, म्हातारी माणसं आणि आमची म्हैस, तिघांनाही त्रास होतो. प्री-वेडिंगवाल्यांनी आधी बोलावं. धुराची नळकांडी वाडीत पेटवू देणार नाही.

१२. पावसाळ्यात किंवा वादळाचा इशारा असताना आलो तर?

पावसाळ्यात वाडी सगळ्यात सुंदर दिसते आणि सगळ्यात जास्त चावते : डास, जळवा, शेवाळलेल्या पायऱ्या. ते चालत असेल तर जरूर या.

इशारा असेल तर येऊ नका. अरबी समुद्रात वादळं दोन मोसमांत उठतात, पावसाच्या तोंडाशी आणि पाऊस गेल्यावर. फयान नोव्हेंबर २००९ मधलं, निसर्ग जूनमधलं, तौक्ते मे २०२१ मधलं. 'समुद्र खवळलेला बघायचाय' म्हणून तौक्तेच्या वेळी फोन आले होते. त्या दिवशी आम्ही कौलांवर दोर टाकत असतो, तुमच्या पोह्यांकडे कोण बघणार? इशाऱ्यामुळे बुकिंग रद्द केलंत तर बहुतेक घरगुती ठिकाणी पैसे परत किंवा पुढची तारीख मिळते, पण ते आधीच विचारून घ्या.

१३. आजी-आजोबांना किंवा चाकाच्या खुर्चीवर असलेल्यांना जमेल का?

ओटीपर्यंत जमेल, दोन माणसांनी खुर्ची उचलली तर. माजघराचे उंबरे उंच आहेत. वाडीत पाट आणि खाचा आहेत, तिथे चाकं रुततात. पण ओटीवर बसून घरातल्या वडीलधाऱ्यांशी गप्पा मारण्यातच आजी-आजोबांचा वेळ सगळ्यात छान जातो असा अनुभव आहे. 'आमच्याकडेही असंच होतं' म्हणत दोन तास निघून जातात.

१४. दिवेआगर, हरिहरेश्वरही असंच का? दोन दिवसांत होईल?

होईल. आरावी, कोंडविल, शेखाडी असा समुद्राच्या कडेने दिवेआगरचा रस्ता आहे, तो दिवसाउजेडी करा. दिवेआगरच्या वाड्या आमच्याहून सपाट आणि सलग. १९९७ मध्ये तिथल्या एका पोफळीच्या वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणेशाचा मुखवटा सापडला होता. २०१२ मध्ये त्यावर दरोडा पडला, त्यात दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला. जप्त झालेल्या सोन्यातून घडवलेला मुखवटा २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा बसवला. रूपनारायणाची मूर्ती चुकवू नका. हरिहरेश्वरला देऊळ आणि प्रदक्षिणेची वाट, भरतीची वेळ बघूनच. वाड्यांसाठी मुद्दाम तिथे जायची गरज नाही.

१५. घर दाखवलं म्हणून पैसे द्यायचे का? मदत करायची असेल तर?

हातावर नोट ठेवू नका, घरातल्या बाईंना संकोच होतो. त्यांच्याकडून काहीतरी विकत घ्या : नारळ, कोकम, जायफळाची पत्री, पोह्याचे पापड, श्रीवर्धनी रोठा सुपारी. आणि घासाघीस करू नका. मदत म्हणून जुने कपडे आणू नका. २०२० साली इतके आले की ते ठेवायला कोरडी जागा नव्हती.

१६. एक सुंदर बंद घर दिसलं, छप्पर खचलेलं. आत जाऊन पाहू का?

नको. एक तर साप, दुसरं म्हणजे आढं कधीही खाली येईल. पण ते घर तसं का राहिलं ते सांगते, कारण बाहेरून लोकांना वाटतं मालकाला किंमत नाही. सात-बारावर बावीस नावं असतात. काही मुंबईला, काही अमेरिकेत, काही हयातच नाहीत आणि वारसनोंद झालेली नाही. भरपाईच्या वेळी बाकीच्यांची संमतीपत्रं मागितली गेली, ती गोळा होईपर्यंत दोन पावसाळे गेले. कौलं उडालेल्या मातीच्या भिंतीला एक पावसाळाही खूप होतो. वादळाने अशा घरांचं फक्त छप्पर नेलं, बाकीचं पावसाने केलं.

१७. आमचे पणजोबा श्रीवर्धनचे. मूळ घर सापडेल का?

आडनावावरून नाही सापडणार, एकाच आडनावाची पंधरा घरं असतात. कुलदैवत, आळीचं नाव, आणि शक्य तर घरातल्या कोणत्याही जुन्या पत्राचा पत्ता घेऊन या. देवळातल्या गुरवांना आणि पोस्टात विचारा. सापडलं आणि ते प्रश्न १६ मधल्यासारखं निघालं, तर सात-बाराचा उतारा काढून बघा. तुमचंच नाव अडकलेलं असायचं. असं एकदा झालंही. पुण्याचे गृहस्थ घर बघायला आले आणि तलाठ्याकडे सही करून गेले.

१८. जुने खांब, दारं, पितळी कड्या विकत मिळतील का?

आमच्याकडे नाही. वादळानंतरच्या महिन्यात टेम्पो घेऊन फिरणारे आले होते, कोरीव दारं मिळेल त्या भावाने उचलून नेली. ज्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हतं त्यांनी दिली, त्यांना दोष नाही. तुम्ही इथे भाव विचारलात तर लोक गप्प होतील, तेव्हा विचारू नका.

१९. एखादं रोप घरी नेता येईल का?

येईल. गावातच कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र आहे, रोपं असली तर तिथे मिळतात. पावसाच्या सुरुवातीला चौकशी करा. फ्लॅटच्या बाल्कनीसाठी माड मागू नका, मिरीची वेल न्या, कुंडीत नीट वाढते. पोफळीचं रोप नेलंत तर पहिली दोन-तीन वर्षं त्याच्या पश्चिमेला एक केळ हवी. आमच्या नव्या रांगेलाही प्रत्येक पोफळीमागे एक केळ आहे. आलात की दाखवते.